बाहेरून गणित

‘सर, गणित घेऊन बाहेरून परीक्षा देता येते का हो?’ हा प्रश्न वर्षाकाठी आठ-दहा जण तरी मला विचारतात. कोणी एस.टी. स्टँडवर गाठतो, कोणी खताच्या दुकानात. एखादी सून असली तर भगवतीमातेच्या देवळाच्या पायऱ्यांवर, सासू दर्शनाला आत गेली की हळूच विचारते. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भाव असा असतो की, आपण काहीतरी जगावेगळे मागतो आहोत. बी.ए. बाहेरून करता येते हे आता गावोगाव ठाऊक झाले आहे. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घ्यायचे, पुस्तके वाचायची, परीक्षा द्यायची. पण गणित? त्याला फळा लागतो, मास्तर लागतो, आणि लोक म्हणतात की डोकेही लागते.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु एवढ्या एका शब्दावर भागण्यासारखे ते नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

मी राहणारा कोल्हारचा. छत्तीस वर्षे हायस्कुलात गणित शिकवले, 2016 साली निवृत्त झालो. आता वडिलांच्या वाट्याच्या तीन एकरांत पेरूची बाग आणि थोडा ऊस आहे. निवृत्तीनंतर आमच्या भागातल्या एका अभ्यासकेंद्रावर रविवारी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना गणित समजावून सांगू लागलो. त्याला तेथे ‘संमंत्रण’ म्हणतात. शब्द जड आहे, काम साधे आहे : अडलेले सोडवून द्यायचे.

कोल्हार प्रवरेच्या काठचे, नगर-मनमाड रस्त्यावरचे गाव. जवळच लोणी. तेथे विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभारला आणि 1950-51 साली पहिला हंगाम काढला, हे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. कारखान्यामागे शाळा आल्या, कॉलेजे आली. म्हणून कोणी म्हणेल की, तुमच्याकडे शिक्षणाला काय तोटा? परंतु आमच्याकडची पुष्कळ माणसे गावठाणात नव्हे, वस्तीवर राहतात. पहाटेच्या धारा, मुलांचे डबे, पाण्याची पाळी, सांजेच्या धारा या चौकटीत अडकलेल्या बाईला कॉलेज चार मैलांवर असले काय आणि चाळीस मैलांवर असले काय, सारखेच.

घरबसल्या शिकविण्याचे प्रयत्न काही आजचे नाहीत. मी नवखा शिक्षक होतो तेव्हा, 15 ऑगस्ट 1984 पासून, विद्यापीठ अनुदान आयोगाने इन्सॅट-1बी उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवर कॉलेजच्या मुलांसाठी कार्यक्रम सुरू केले. ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ असे त्याचे नाव. मी ते मोठ्या आवडीने पाहत असे. पण भाषा इंग्रजी, वेळ दुपारची, आणि पडद्यावरचा मास्तर पुढे गेला की गेला. त्याला ‘थांबा हो, दुसरी ओळ कळली नाही’ असे म्हणण्याची सोय नव्हती. गणितात एक ओळ सुटली की पुढचे सगळे वाहून जाते. बांध फुटल्यावर खालच्या वाफ्याचे जे होते तेच.

पुढे 1 जुलै 1989 रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले स्वतः पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्याची शाळा मध्येच सुटली, जिचे लग्न लवकर झाले, जो नोकरीला लागला, अशांसाठी हे विद्यापीठ निघाले. पुस्तकेच अशी लिहायची की वाचणाऱ्याला मास्तर समोर बसल्यासारखा वाटावा, ही त्यामागची कल्पना. भाषा, शेती, समाजशास्त्र यांना ती चांगली मानवली. गणिताचे तसे नाही. गणिताचे पुस्तक मध्येच एका ठिकाणी म्हणते, ‘यावरून उघडच आहे की...’ आणि वाचणाऱ्याला ते मुळीच उघड नसते! कॉलेजातला मुलगा शेजारच्याला कोपराने ढोसून विचारतो. वस्तीवरची बाई कोणाला विचारणार? म्हशीला?

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या महाराष्ट्रात गणित शिकण्याची परंपरा फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली ग्रंथ लिहिला, त्यातल्या ‘लीलावती’ या भागात ते विद्यार्थ्याला समोर बसवून प्रश्न घालतात. बत्तीस हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, त्याचा शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला, तर तो किती उंचीवर मोडला, असा त्यातला एक प्रश्न आहे. (उत्तर बारा हात. करून पाहा, पायथागोरसच्या नियमाने येते.) चाळीसगावजवळ पाटणादेवीला 1207 सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याचा आणि त्याला दाने मिळाल्याचा त्यात उल्लेख आहे. आठशे वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत गणिताची शाळा चालत होती!

आणि नाशिकच्या त्या विद्यापीठापासून जवळच देवळाली. तेथे द. रा. कापरेकर हे साधे शाळामास्तर 1930 ते 1962 पर्यंत शिकवीत होते. शिक्षण बी.एस्सी.पर्यंत, हाताशी मोठे ग्रंथालय नाही, संशोधकांची संगत नाही. पण त्यांनी 1949 साली मद्रासच्या परिषदेत एक आकडा लोकांपुढे ठेवला, तो आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. तुम्हीही आत्ता करून पाहा. चारी अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. मी 1989 घेतो. अंक उतरत्या क्रमाने मांडा : 9981. चढत्या क्रमाने : 1899. वजा करा : 8082. पुन्हा तसेच : 8820 वजा 0288, झाले 8532. पुन्हा : 8532 वजा 2358, झाले 6174. आता 6174 चे असेच करा, 7641 वजा 1467, पुन्हा 6174 च! कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत गाडी याच स्टेशनावर येऊन थांबते. नवा विद्यार्थी आला की मी त्याला पहिल्या दिवशी हेच करायला देतो. रात्री अकरा वाजता ‘सर, माझेपण आले’ असा निरोप आला की समजायचे, हा टिकेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. 2016 नंतर मोबाईलवरचे इंटरनेट एकदम स्वस्त झाले आणि वस्तीवस्तीवर पोचले. त्यानंतर मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली. अभ्यासकेंद्राला कुलूप. माझ्या गटात तेव्हा चौदा जण होते : एक पोलीस शिपाई, दोघे कारखान्यात पाळीवर जाणारे, एक लष्करातला जवान, एक अंगणवाडीसेविका, काही शेतकऱ्यांची मुले आणि तीन गृहिणी. परीक्षा डोक्यावर. काय करावे?

पहिल्यांदा मी ओसरीत फळा टांगून, समोर मोबाईल ठेवून शिकविले. मुलांनी सांगितले, ‘सर, तुम्ही चांगले दिसता, पण फळा दिसत नाही.’ मग गावातल्या सुताराकडून लाकडी चौकट करून घेतली. चार पाय, वर एक फळी, फळीला भोक. भोकावर मोबाईल पालथा ठेवायचा, खाली वही आणि शाईचे पेन. त्यात फक्त माझा हात दिसतो आणि लिहिलेले दिसते. हीच पद्धत जगात पुष्कळ ठिकाणी वापरतात असे मला नंतर कळले. आमच्या सुताराला मात्र ते आधीच सुचले होते. गणित शिकताना मास्तरांचे तोंड पाहायची गरज नसते. पेन कोठे थांबते, कोठे खाडाखोड होते, बरोबरचे चिन्ह कोणत्या ओळीखाली येते, हे पाहायचे असते.

एक व्हिडिओ आठ-दहा मिनिटांचा. त्याहून मोठा केला तर मोबाईलमध्ये जागा पुरत नाही आणि बाळही झोपेतून उठते. मराठीत बोलायचे, पण शब्द इंग्रजीही सांगायचे, कारण परीक्षेचे पुस्तक बहुधा इंग्रजीच असते. दहावीपर्यंत मराठीत शिकलेली हुशार मुले अकरावी सायन्सला जाऊन गप्प होतात, ती गणितामुळे नव्हे, भाषेमुळे. ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणजे एखादी गोष्ट त्या क्षणी किती वेगाने बदलते आहे त्याचे माप, एवढे घरच्या भाषेत सांगितले की निम्मी भीती जाते.

यातली सर्वांत मोठी सोय कोणती म्हणाल तर थांबविण्याची आणि मागे नेण्याची. वर्गात एकदा सांगितलेले पुन्हा विचारायला मुली लाजतात. मोबाईलमधला हात दहा वेळा तीच ओळ लिहून दाखवतो आणि एकदाही वैतागत नाही. माझ्याबद्दल असे म्हणता येणार नाही!

दुसरी सोय चित्राची. जिओजेब्रा नावाचे एक साधन आहे. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियातल्या माणसाने 2001 साली साल्झबुर्ग येथे विद्यार्थी असताना ते सुरू केले. ते शिकायला-शिकवायला फुकट वापरता येते आणि साध्या मोबाईलवर चालते. त्यात समीकरण लिहिले की वक्र उमटतो, आणि बोटाने एक टिकली सरकवली की वक्र हलतो. मी तुषार सिंचनाचे उदाहरण घेतो. नोझलमधून उडालेल्या पाण्याची कमान म्हणजे पॅराबोला. टिकली सरकवून कोन बदलायचा : कोन उभा केला तर पाणी उंच जाते आणि जवळच पडते, आडवा केला तर लगेच जमिनीला टेकते, पंचेचाळीस अंशांवर सर्वांत लांब. पुस्तकातले हे सूत्र पाठ करून जे डोक्यात बसत नाही ते बोटाच्या टोकाशी येऊन बसते. यावर गटातल्या पोलीस शिपायाने विचारले, ‘सर, मग आमच्या शेतातल्या नोझलचा कोन एवढा कमी का?’ प्रश्न अगदी बिनतोड होता. कारण सूत्रात हवा धरलेली नसते. खऱ्या शेतात हवा थेंबांना अडवते, वारा त्यांना उडवून नेतो. म्हणून शेतातल्या नोझलचा कोन साधारण पंचवीस अंशांच्या आसपास ठेवतात. त्या रात्री आमच्या गटात साडेअकरापर्यंत चर्चा चालली होती. वर्गात असा प्रश्न छत्तीस वर्षांत मला कोणी विचारला नव्हता.

आता एका सुनेची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही, आमच्याच पंचक्रोशीतली आहे. बारावी सायन्सला गणितात चांगले गुण. निकालानंतर दोन महिन्यांत लग्न. सासरी सात एकर, चार म्हशी, पुढे दोन मुले. मुले बालवाडीत जाऊ लागल्यावर तिने दूरशिक्षणाने बी.एस्सी.ला नाव घातले. नवऱ्याची ना नव्हती. सासूबाईंना मात्र ते पटत नव्हते. शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता, पण रात्री घर झोपल्यावर सून मोबाईल घेऊन बसते, कानात काही घालते, हे काय चालले आहे? चार बाया चार गोष्टी बोलतात. आणि त्यांची शंका अगदीच अस्थानी होती असे मी म्हणणार नाही. मोबाईलमध्ये काय काय असते ते आपण सर्वजण जाणतो.

एका रात्री सासूबाई उठून तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एक हात आकडे लिहीत होता. बराच वेळ त्यांनी पाहिले. मग विचारले, ‘हा हात कोणाचा?’ ‘कोल्हारच्या सरांचा.’ सासूबाईंनी वाकून नीट पाहिले. कडबा तोडताना लहानपणी माझ्या अंगठ्याचे निम्मे नख गेले आहे, ते त्यांना दिसले. त्यांचा थोरला मुलगा माझ्याच हाताखालून गेलेला. शाळेच्या दिवसांत त्या कितीदा तरी माझ्याकडे त्याची तक्रार घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, ‘मास्तरांचाच हात आहे खरा. चालू दे मग. पण कानातले काढ, आम्हालाही ऐकू येऊ दे.’ तेव्हापासून त्या घरात माझे संकलन आणि विकलन मोठ्या आवाजात चालते आणि सासूबाई लसूण सोलतात.

पहिल्या वर्षी ती कलनशास्त्राच्या पेपरात नापास झाली. दूरशिक्षणात ही वेळ फार नाजूक असते. कॉलेजातला मुलगा नापास झाला तर लोक म्हणतात, अभ्यास केला नाही. संसारी बाई नापास झाली तर म्हणतात, कशाला हे नसते उद्योग? सासऱ्यांनी तसे बोलूनही दाखविले. दुसऱ्या वेळच्या परीक्षेची फी भरायची की नाही यावर त्या घरात आठ दिवस बोलणे बंद होते.

त्याच सुमारास त्यांच्याकडे शेततळे निघाले. वरून तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. सासऱ्यांचा हिशेब सरळ : तीस गुणिले तीस गुणिले तीन, म्हणजे 2700 घनमीटर, म्हणजे सत्तावीस लाख लिटर पाणी. त्या भरवशावर आणखी दीड एकर पेरू लावायचे ठरत होते. सून भाकरी वाढता वाढता म्हणाली, ‘तेवढे बसणार नाही.’ शेततळ्याच्या बाजू उभ्या नसतात, उतरत्या असतात. एक मीटर खाली जाताना बाजू दीड मीटर आत येते, म्हणजे तीन मीटरवर तळ उरतो एकवीस बाय एकवीस. मग काही जण वरचे आणि तळाचे क्षेत्रफळ यांची सरासरी काढून खोलीने गुणतात : 900 आणि 441 यांची सरासरी 670.5, गुणिले तीन, 2011.5. तेही बरोबर नाही. तिने पाण्याचे पातळ पातळ थर कल्पिले, प्रत्येक थराचे क्षेत्रफळ धरले आणि तळापासून काठापर्यंत त्यांची बेरीज केली. हीच ती संकलनाची क्रिया, जिच्यात ती नापास झाली होती. उत्तर आले 1971 घनमीटर. एकोणीस लाख एकाहत्तर हजार लिटर. सासऱ्यांच्या हिशेबापेक्षा सात लाख एकोणतीस हजार लिटर कमी, आणि उन्हाळ्यात वाफ होऊन जाणारे पाणी वेगळेच.

तुम्हाला घरी पडताळायचे असेल तर संकलन न शिकताही येईल. वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि बरोबर मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट, यांची बेरीज करा, सहाने भागा, खोलीने गुणा. येथे 900 अधिक 441 अधिक 650.25 ची चौपट म्हणजे 2601, बेरीज 3942, सहाने भागून 657, गुणिले तीन, 1971.

सासरे काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचे अस्तर पुरविणाऱ्याचा कागद त्यांनी तिच्यापुढे ठेवला. त्याने 1350 चौरस मीटर अस्तर धरले होते. हिने उताराची लांबी काढली, साधारण 5.41 मीटर; चारी बाजू मिळून सुमारे 552 चौरस मीटर, तळ 441, एकूण 993. काठावर मातीत गाडायला चोहीकडून एक मीटर धरले तर आणखी 124. सारे मिळून 1117. सांध्यांसाठी थोडे सोडले तरी दोनशे मीटरच्या वर जास्तीचे लावले होते. दर चौरस मीटरला पैसे मोजावे लागतात, तेव्हा हा फरक किती रुपयांचा ते तुम्हीच समजा. पेरूचे दीड एकर अर्ध्या एकरावर आले आणि परीक्षेची फी त्याच आठवड्यात भरली गेली. ती त्या पेपरात पास झाली, नंतर बी.एस्सी.ही झाली.

यावरून मोबाईलने सगळे साधते असे मात्र समजू नका. माझ्या त्या चौदा जणांपैकी शेवटपर्यंत पाच टिकले. ज्यांनी सोडले त्यांतल्या बहुतेकांना व्हिडिओ कळत होते, हीच अडचण होती. दुसऱ्याने सोडविलेले गणित पाहताना सगळे कळल्यासारखे वाटते. काठावर बसून पोहणारा पाहिला म्हणून कोणी पोहायला शिकत नाही. म्हणून मी एक नियम केला : माझा प्रत्येक व्हिडिओ गणित निम्मे सोडवून बंद पडतो. उरलेले विद्यार्थ्याने वहीत करायचे, वहीचा फोटो पाठवायचा, मग पुढचा व्हिडिओ. फोटोच का? तर मोबाईलच्या बटणांवर गणित लिहिता येत नाही. एक्सचा वर्ग लिहायला गेला तर ‘एक्स टू’ असे दिसते, आणि तो वर्ग आहे की दुप्पट आहे हे लिहिणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही. मी फोटोवरच तांबड्या रंगाने खूण करतो आणि तोंडी निरोप पाठवतो : ‘तिसरी ओळ पाहा, भागताना ती संख्या शून्य नाही हे कोठे पाहिलेस?’

फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी साधने आली आहेत, आणि 2022 च्या अखेरीपासून तर प्रश्न विचारला की माणसासारखे उत्तर देणारी यंत्रेही आली. मुले ती वापरतात. वापरू नका म्हणून काही होणार नाही. अडलेल्या माणसाला रात्री दोन वाजता मदत मिळते हे चांगलेच आहे. पण ती यंत्रे कधी कधी चुकीचे उत्तरही अशा थाटात सांगतात की, ऐकणाऱ्याला शंका येऊ नये. म्हणून वही सुंदर आणि बिनचूक आली की मी फोन लावतो आणि एवढेच विचारतो, ‘येथे दोन्ही बाजूंना वजा एकने का गुणलेस?’ ज्याने केले असते तो सांगतो. ज्याने उतरवले असते त्याचा आवाज बदलतो.

विजेचा त्रास सांगायलाच नको. शेतीची वीज रात्रीची असली की नवरा मोटारीवर आणि मोबाईलही त्याच्याबरोबर, मग बाईचा अभ्यास बंद. घरात दोन मोबाईल असावेत असे मी आता उघड सांगतो. दुसरा जुना चालेल.

ज्यांना नाव घालायचे आहे त्यांनी एवढे पाहावे. ज्या विद्यापीठाचा जो अभ्यासक्रम घेणार त्याला त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, हे आयोगाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. 2024 पासून प्रवेशापूर्वी ‘डेब आयडी’ नावाचा क्रमांक काढावा लागतो. तो फुकट निघतो, त्यासाठी कोणा मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नियमित कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, असे आयोगाने 2022 साली स्पष्ट केले आहे. एखादा नोकरीवाला नाक मुरडू लागला तर ते दाखवावे. ‘घरी बसा, पदवी घरपोच देतो’ असे सांगणारा भेटला तर त्याला चहाही विचारू नये. आणि वह्या भरपूर घ्याव्यात. मोबाईलपेक्षा वह्यांवर जास्त खर्च झाला तर अभ्यास ठीक चालला आहे असे धरावे.

त्या सुनेने आता एम.एस्सी.ला गणित घेतले आहे. पुढे शिक्षिका व्हायचे की नाही याचा निर्णय घरात अजून झालेला नाही. सासरे म्हणतात की, आधी उसाच्या बिलाचा हिशेब तपासून दे. सध्या तिचा ‘रिअल अ‍ॅनालिसिस’चा पेपर चालू आहे. मी तो विषय शिकलो त्याला चाळीस वर्षांच्या वर झाली. म्हणून आता आमची उलटी रीत आहे : दुसऱ्या प्राध्यापकांचे व्हिडिओ ती पाहते, कळले ते मला समजावून सांगते, आणि मी शंका काढतो. परवा माझ्या शंकेला उत्तर देता देता तिनेच मला एक प्रश्न घातला. तीन दिवस झाले, बागेत छाटणी करताना तोच डोक्यात आहे. सुटला की चौकट मांडीन. त्या दिवशी व्हिडिओ पुरा करीन, निम्म्यावर सोडणार नाही.